काळीतलं जेवण

माझी सासू सरुबाई खोटं बोलत नसे. हे मी कौतुकानं सांगत नाही. अशा बाईच्या घरात जिनं संसार केलाय तिलाच त्यातला जाच कळेल. माझं लग्न ठरवायला वडील आले, तेव्हा हिनं चहाची कपबशी पुढं ठेवली आणि सांगून टाकलं, "पोरगं माजं चिडकं हाय, आन् कामाला जरा आळशी हाय. बगा बापा." वडिलांना वाटलं, इतकं सरळ बोलणारं घर दुसरं मिळायचं नाही. त्यांनी होकार दिला. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

आमचं गाव दुबलगुंडीच्या पलीकडं. छप्पन सालानंतर आमच्या वस्तीनं बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा सरुबाईनं घरातले देव टोपलीत भरले आणि चालत जाऊन कारंजा नदीत सोडून आली. बाकीच्यांनी पंचशील तोंडानं घेतलं, हिनं जिवाला लावून घेतलं. पौर्णिमेला वस्तीतल्या बायका जमायच्या, ही पुढं म्हणायची आणि बाकीच्या मागून. त्यातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं, म्हणताना हिचा आवाज जरा चढायचा. हळूहळू गावालाही ते ठाऊक झालं. कुणाचा बैल कुणाच्या तुरीत शिरला यावरून भांडण पेटलं, की पाटलापासून सगळे म्हणत, "सरुबाईला इचारा." गावानं तिला विहिरीवर चढू दिलं नाही, पण तिच्या शब्दाला किंमत दिली. जन्मभरात कमावलेली तिची तेवढीच इस्टेट.

तिची मैत्रीण अनसाबाई, धनगर पिराप्पाची बायको. खुरपायला दोघी एका ओळीत बसत. दुपारी बांधावरच्या बाभळीखाली एकच फडकं पसरत. सरुबाईची अंबाडीची भाजी, अनसाबाईचं घट्ट दही. एकीची भाकर दुसरीच्या हातात. मी लग्न होऊन आले आणि पहिल्या खुरपणीला हे बघून चाटच पडले. कारण संध्याकाळी गावात शिरलं की सगळं संपायचं. अनसाबाईच्या अंगणात पाणी मागितलं तर ती वरून ओतणार, आणि ओंजळ धरणं सरुबाईनं कधीच सोडलेलं. म्हणून ही मागतच नसे. कोरड्या घशानं घरी यायची.

आमच्याकडची रीतच ती. काळीतलं काळीत, पांढरीतलं पांढरीत. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गाव. शेतात कोण कुणाबरोबर जेवतं हे सगळ्या गावाला माहीत असतं, पण गावात आल्यावर त्याचं नाव काढायचं नाही. बोललं नाही म्हणजे घडलं नाही.

मला या रीतीचा संताप यायचा. एकदा म्हटलं, "आत्याबाई, आसं चोरून कामून जेवायलाव?"

"चोरून कुटं गं? उगड्या रानात जेवायलाव. कुनी इचारलं तर सांगीन की. इचारतच न्हाई कुनी."

मग इचारणारा आला. सत्तर-एकाहत्तर साल असेल, आमच्या भागाला अजून म्हैसूर राज्यच म्हणत. तो खाली दक्षिणेकडच्या कुठल्याशा विद्यापीठातून आलेला, कानडी माणूस, मराठी पुस्तकातून शिकलेला. गावात खोली घेऊन राहिला. लोक कसे राहतात, लग्नात कोण कुठं बसतं, कोण कुणाला काय हाक मारतं, याचा अभ्यास करायचा म्हणे. गावानं त्याला नावच पाडलं, इचारणारे साहेब. एकदा मी चूल फुंकत असताना दारात बसून त्यानं मला विचारलं, "तुम्ही स्वतःला कोण समजता?" मी म्हटलं, "आत्ता तर चूल पेटंना म्हनून वैतागलेली बाई समजते." त्यानं मान डोलावली आणि तेही लिहून घेतलं!

माणूस वाईट नव्हता. आमच्या घरी मांडी घालून जेवला, आजारी माणसाला दवाखान्यात नेलं. म्हणूनच राग जास्त येतो. वाईट माणसाला शिव्या तरी घालता येतात. तो शेतावरही यायचा. बाभळीखाली दोघींना जेवताना त्यानं पाहिलं, हसला, आणि सरुबाईनं दिलेली भाकर उभ्या उभ्या खाल्ली.

त्याचं काम संपलं तेव्हा गावानं बिरोबाच्या देवळापुढं त्याला हार-नारळ दिला. धनगर मंडळी पुढं बसलेली, आम्ही वस्तीतले कडेला उभे. त्याच दिवशी आमच्याच भागातल्या मेहकरचा सिद्धाप्पा गावात आलेला होता. अनसाबाईची लेक चंद्रभागा त्याच्या मुलाला दिलेली, लग्नाची तारीख धरायची होती. तोही पुढंच बसला होता. साहेब बोलायला उठला. गाव किती चांगलं, माणसं किती प्रेमळ, हे झालं. मग म्हणाला, "इथे भेदभाव संपत आला आहे. सरुबाई आणि अनसाबाई एका फडक्यावर, एकमेकींच्या हातचं जेवतात. मी डोळ्यांनी पाहिलं."

टाळी वाजवायला कुणाचा हात उठला नाही. अनसाबाईनं पदर ओढून घेतला. सिद्धाप्पानं टोपी उचलली आणि उठून म्हणाला, "हे खरं आसंल तर आमची सोयरीक मोडली. उद्या पंच बसवा."

आता बघा, सिद्धाप्पाच्या बायकोलाही मेहकरच्या शेतात असंच जेवताना कुणीतरी पाहिलं असणारच. पण ते गावात कुणी बोललं नव्हतं ना!

दुसऱ्या दिवशी साहेब जाणार होता. गेला नाही. असं प्रत्यक्ष बघायला मिळत नाही म्हणाला. सकाळी आमच्याकडं येऊन सरुबाईला सांगून गेला, "घाबरू नका, खरं तेच सांगा. कायदा तुमच्या बाजूला आहे." कायदा चंद्रभागेशी लग्न करणार होता का?

पंच अनसाबाईच्या अंगणात बसले, त्यांचा म्होरक्या बंडेप्पा. त्यानं अनसाबाईला विचारलं, "तू सरुबाईच्या हातचं खाल्लीस का?" अनसाबाई खाली मान घालून उभी. हो म्हणेना की नाही म्हणेना. लेक दारामागून बघत होती. बंडेप्पा कंटाळला आणि म्हणाला, "सरुबाईला बोलवा. ती खोटं बोलायची न्हाई."

सरुबाई पुढं गेली. मी तिच्या मागंच होते. मला वाटलं, आता ही खरं बोलणार आणि त्या पोरीचं वाटोळं होणार. आणि खोटं बोलली, तर हिच्याजवळ उरणार काय? मला दोन्ही नको होतं. त्या साहेबाची मान धरावी असं वाटत होतं.

"न्हाई," सरुबाई म्हणाली. "अनसीनं माज्या हातचं कदी खाल्लं न्हाई. सावली एक व्हती. लांबनं साहेबाला तसं दिसलं आसंल."

साहेब ताडकन उठला. "मी जवळून पाहिलं! मी स्वतः भाकरी खाल्ली!"

"साहेब, खाली बसा," बंडेप्पा म्हणाला. "सरुबाई खोटं बोलत न्हाई."

सोयरीक वाचली. साहेब जाताना आमच्या दारात आला, रागानं लाल झालेला. "तुम्हीच असं खोटं बोललात, तर तुमच्या समाजानं काय करायचं?" मी म्हटलं, "साहेब, तुमी आता निगा." आणखी दोन शब्द बोलणार होते, पण सासूनं हात दाबला.

पुढच्या पौर्णिमेला तिनं पंचशील दुसरीला म्हणायला सांगितलं. माझे सासरे नागनाथ समजावत राहिले, "अगं, एकदाच बोललीस."

"एकदाच लागतंय," ती म्हणाली.

चंद्रभागेचं लग्न झालं. वस्तीला जेवणाची टोपली आली, आमंत्रण आलं नाही. खुरपणीला दोघी एकाच ओळीत असायच्या, पण जेवायला दोन बांधांवर. गावाचं लक्ष होतं. अनसाबाईनं एका शब्दानं आभार मानले नाहीत. भित्री! मी मनातल्या मनात तिला शंभरदा बोलून घेतलं असेल.

बऱ्याच वर्षांनी पिराप्पा वारला. चंद्रभागेला तोवर दोन मुलं झालेली, ती मेहकरात पक्की रुजलेली. एका दुपारी अनसाबाई भर गावातून चालत आमच्या वस्तीत आली. वाटेत लोक बघत होते, तिनं लपवलं नाही. घरात येऊन चुलीपुढं बसली. "सरू, भाकर वाढ. आता मी कुनाला भेत न्हाई."

मला इतका आनंद झाला की मी सासूला न विचारताच ताट वाढलं. सरुबाईनं ते उचलून आपल्याकडं ओढून घेतलं.

"न्हाई अनसे. पाच पंचांम्होरं मी म्हनले, तू माज्या हातचं खाल्लं न्हाईस. त्या दिशी ते खोटं व्हतं. तवापासनं मी ते खरं करून ठिवलंय. आता तू खाल्लीस, की मी परत खोटी."

"आगं, पर आता कोन इचारायला बसलंय?"

"मी हाय की."

मी चिडून ओरडले, "आत्याबाई, आसला कसला हिशेब? वाढा ना तिला!" त्या दोघींपैकी कुणीच माझ्याकडं पाहिलं नाही. अनसाबाईनं एकदा त्या ताटाकडं पाहिलं. मग उठली. दारात मला म्हणाली, "वच्छला, तुजी सासू लई खरी बाई हाय गं." आणि पदरात तोंड धरून रडत रडत, सगळ्या वस्तीसमोरून उपाशी परत गेली.