वन्संचा बिननाड्यांचा गाउन

देवाने माणसाचे दोन्ही हात पुढच्या बाजूला दिले आणि पाठ मात्र दुसऱ्याच्या भरवशावर सोडली, ही सरळसरळ डिझाइनमधली चूक आहे, असं छातीठोकपणे सांगणारी माणसं जगात फार नसतील. माझ्या माहितीत एकच आहे, आणि ती नेमकी माझी नणंद आहे. आता एर्लांगेनमध्ये राहणाऱ्या, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणाऱ्या बाईने नणंदेला ‘वन्सं’ म्हणावं, हे जरा जुनाटच. पण लग्नानंतर मी एकदा गमतीने म्हटलं आणि त्यांना ते इतकं आवडलं की पुढे ‘ताई’ म्हटलं तर त्या ओ देईनाशा झाल्या. तेव्हापासून जर्मनीत निदान एक तरी बाई रीतसर ‘वन्सं’ आहे.

वन्सं मूळच्या इचलकरंजीच्या. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढल्यामुळे हळू बोलणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नाही. जर्मनीत आखनला कापडावर डॉक्टरेट केली आणि मग इथल्या एका छोट्या कंपनीत ऑपरेशन थिएटरचे कपडे बनवायला लागल्या, त्या आजतागायत. लग्न का नाही केलंत, असं कोणी विचारलं तर म्हणतात, “करणार होते गं, पण गेनाऊ, अगदी त्याच वर्षी थीसिस होता.” बसमध्ये पुढच्या सीटवरच्या माणसाची कॉलर हलकेच उलटून शिवण बघणं, हा त्यांचा हातखंडा. तो माणूस दचकून मागे वळला की ‘अतिशय सुंदर शिवण आहे’ असं अस्खलित जर्मनमध्ये सांगून त्या त्यालाच खूश करतात. घरी पाहुणा आला की त्याच्या कोटाकडे आधी लक्ष. “डोळे मिटून घाल बघू परत! कुठे अडतोस ते मला कळू दे.” नागपूरहून पीएचडीला आलेल्या एका मुलाला त्यांनी चारदा कोट घालायला लावला. त्या बिचाऱ्याला वाटलं, आपल्याला निघायला सांगताहेत. तो चहा न पिताच गेला.

त्यांच्या स्वतःच्या कपाटात मात्र सगळे कपडे पुढून बंद होणारे. ब्लाउज पुढच्या हुकांचे, कुर्ते पुढच्या बटणांचे. एकदा मी दुकानात त्यांच्यासाठी मागे नाडी असलेला, छान लटकन लावलेला ब्लाउज उचलला, तर त्यांनी तो हातातून काढून परत अडकवला. “एकटं राहणाऱ्या बाईने पाठीला नाडी असलेला कपडा घेऊ नये,” असं म्हणून त्या लगेच पुढच्या रांगेतले मोजे बघायला लागल्या. मी तेव्हा हसले होते.

गाउनचं वेड त्यांना लागलं ते एका ऑपरेशन थिएटरमध्ये. कामाचा भाग म्हणून त्या तिथे कोपऱ्यात उभ्या होत्या. सर्जन हात धुऊन आले, गाउनच्या बाह्यांत हात घातले आणि थांबले, कारण पाठीवरच्या नाड्या दुसऱ्याने बांधायच्या असतात. “एवढा शिकलेला माणूस,” वन्सं हे सांगताना अजूनही उठून उभ्या राहतात, “हात पुढे करून बाळासारखा उभा! आणि ती नर्स टेबलावरच्या म्हातारीचा हात धरून तिला धीर देत होती, ती तो हात सोडून याच्या नाड्या बांधायला धावली. त्या म्हातारीचा हात तसाच हवेत राहिला गं. मी बघितला.” त्या दिवशी घरी येऊन त्यांनी स्वतःचा चांगला पलंगपोस कापला. एकट्याने, कोणाच्याही मदतीशिवाय घालता येईल असा गाउन करायचाच, हे त्यांच्या मनाने घेतलं.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. त्या गाउनला धुतलेला हातसुद्धा फक्त आतून लावायचा. बाहेरच्या बाजूला बोट लागलं की गाउन बाद. मला काही केल्या ते कळेना, तेव्हा वन्सं म्हणाल्या, “अगं, सोवळं! आमची काकू सोवळ्याचं लुगडं काठीने वाळत घालायची, काठीने काढायची आणि कोणाला शिवू न देता एकटी नेसायची. तिला कुठे नर्स लागत होती?” बोट लागलं की नाही हे कळायला प्रयोगशाळेत म्हणे खास चमकणारी पावडर वापरतात. वन्संनी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतला उरलेला गुलाल वापरला. हातांना गुलाल फासून गाउन घालायचा. बाहेर गुलाबी डाग दिसला की नापास. दर रविवारी आम्ही नवरा-बायको त्यांच्याकडे हजर. “आधी गाउन, मग थालीपीठ,” हा नियम. मागच्या नाड्या कुठे आणि किती लागतात हे बघायला सुरुवातीला जुन्या पद्धतीचे गाउनही घालावे लागत आणि मग मी यांच्या नाड्या बांधायची, हे माझ्या, आणि वन्सं मध्येच ओरडायच्या, “बघा, बघा, किती वेळ गेला!”

गुलाबी डागांचे ते गाउन त्या तळघरातल्या सगळ्या बिल्डिंगच्या सामायिक वाशकेलरमध्ये धुऊन वाळत घालायच्या. ऑपरेशनचे डझनभर गाउन आणि सगळ्यांवर लालसर बोटं! तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी हाउसमाइस्टरला, म्हणजे बिल्डिंगची देखभाल करणाऱ्या माणसाला बोलावलं. हा भला थोरला, ढेरपोट्या गृहस्थ गंभीर चेहऱ्याने वन्संच्या दारात येऊन उभा राहिला. वन्संनी त्याला आत घेतलं, थालीपीठ दिलं आणि गुलाल दाखवला. जाताना त्याच्या शर्टावर पाच गुलाबी बोटं होती आणि तो हसत होता.

वर्षभराने मनासारखा पहिला गाउन तयार झाला. नाड्या नाहीत. एक फास अंगठ्यात अडकवायचा, अर्धी गिरकी घ्यायची, की मागचा पदर कमरेभोवती येतो. मग आतल्या आत टोक खोचायचं. मंडळातल्या अकरा बायकांनी तो लागोपाठ घातला आणि एकीच्याही गाउनला बाहेरून गुलाल लागला नाही. मोरे काकू तर घालता घालता फोनवर बोलत होत्या! वन्संना आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. त्यांनी पेढे केले, कंपनीत वाटले आणि हॉस्पिटलच्या सरावाच्या खोलीत चाचणीचा टेर्मिन, म्हणजे दिवस आणि वेळ, ठरवून घेतला.

चाचणीला आले सव्वासहा फुटी सर्जन. अंगठ्यात फास अडकवला आणि गिरकी घेतली ती नेमकी उलटी. चूक लक्षात आल्यावर परत फिरले, ते जरा जास्तच. शेवटी ते शेजारच्या स्टॅंडसकट गुंडाळले गेले आणि थिएटरच्या मुख्य सिस्टरने कात्रीने त्यांची सुटका केली. वन्संच्या साहेबांनी सांगितलं, आणखी एकच संधी. तीही गेली तर फाइल बंद.

तीन दिवस वन्संचा फोन नाही. ज्यांचा आवाज दोन मजले ओलांडून जातो त्यांची शांतता किती भयंकर असते, ते मला तेव्हा कळलं. चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता दारात उभ्या. “अगं, मी साडी शिवली!” पायरीवरूनच ओरडल्या. “गाउन कुठला, ही तर साडी आहे! अकराच्या अकरा बायका साडी नेसणाऱ्या. गिरकी घेणं, न बघता खोचणं, सगळ्यांच्या हातात बसलेलं. त्यांना परीक्षा कसली? मला धांदरट माणसं पाहिजेत. बाळू कुठे आहे?” बाळू म्हणजे आमचे हे. यांना समोर ठेवलेला मोजा सापडत नाही.

मग सुरू झाला तो सोहळा! हे आणि हाउसमाइस्टर असे दोन मुख्य धांदरट. हाउसमाइस्टरचा डावा खांदा वर जात नाही, त्यामुळे वन्संचा तो विशेष लाडका. “त्याला जमलं की जगाला जमलं,” असं म्हणून त्या त्याला दोन थालीपिठं जास्त वाढायच्या. पण सतरा प्रकार झाले तरी पाठ काही मिटेना. एका रविवारी हे सायकलवरून आले. पॅंट साखळीत अडकू नये म्हणून पायाला चमकणारी पट्टी होती, ती पायावर मारली की आपोआप गोल गुंडाळली जाते. यांनी ती काढून सरळ केली आणि सवयीने टेबलाच्या पायावर मारली. फट्! वन्संच्या हातातलं उलथनं खाली पडलं. “बाळू, परत मार.” यांनी परत मारली. “परत!” त्या दिवशी थालीपीठ जळलं आणि आम्ही तिघं स्वयंपाकघरात खुर्च्यांच्या पायांवर, लाटण्यावर, एकमेकांच्या मनगटांवर फटाफट ती पट्टी मारत वेड्यासारखे हसत होतो. मी वन्संना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या चाचणीला त्यांनी मला बरोबर नेलं. “सोबत चल गं, मला एकटीला नाही जायचं,” असं त्या म्हणाल्या तेव्हा मला त्यांच्यापेक्षा जास्त भीती वाटली. तेच सव्वासहा फुटी सर्जन. गाउनच्या कॉलरीत आणि कमरेत आता तशाच गुंडाळल्या जाणाऱ्या पट्ट्या शिवलेल्या होत्या. त्यांनी बाह्यांत हात घातले. आतूनच, बाहीत झाकलेल्या हाताने गळ्याजवळ दाबलं, फट्, कॉलर मानेभोवती बसली. कमरेजवळ दाबलं, फट्, मागचे दोन्ही पदर एकावर एक येऊन मिटले. संपलं! मुख्य सिस्टर तीस वर्षांच्या सवयीने नाड्या बांधायला पुढे आल्या होत्या. त्यांचे दोन्ही हात सर्जनच्या पाठीमागे हवेत थांबले; बांधायला काहीच नव्हतं. त्यांनी गाउन चारी बाजूंनी तपासला, मान हलवली आणि वन्संना म्हणाल्या, “म्हणजे आता मला पेशंटपाशीच थांबता येईल.” वन्सं नुसत्या “जा, जा, जा,” म्हणत राहिल्या, म्हणजे जर्मनमध्ये हो, हो, हो, आणि माझा हात इतका घट्ट धरला की अंगठीचा वळ उठला.

त्यानंतर गाउन कंपनीचा झाला आणि आमचे रविवार रिकामे झाले. थालीपीठ आम्ही घरी करून बघितलं. तसं झालं नाही. फोन केला की वन्सं म्हणायच्या, “आता कशाला बोलावू तुम्हाला? काम तर झालं,” आणि मोठ्याने हसायच्या. मला ते हसणं आवडायचं नाही.

दिवाळीच्या फराळाला मात्र आल्या. बसने, अंगात लांब कोट. मी सवयीने म्हटलं, “वन्सं, डोळे मिटून काढा बघू.” त्या हसल्या नाहीत. कोट काढून त्यांनी खुंटीला लावला आणि माझ्याकडे पाठ केली. निळा ब्लाउज, इचलकरंजीहून मागवलेला, दोन लांब नाड्या, टोकाला लटकन. नाड्या मोकळ्याच लोंबत होत्या. अशाच, कोटाखाली, शहराच्या त्या टोकापासून आल्या होत्या.

“बांध,” त्या म्हणाल्या. इतक्या हळू की मला पहिल्यांदा ऐकूच आलं नाही.

मी गाठ बांधली. मग नीट बसली नाही असं सांगून सोडली, आणि पुन्हा बांधली.