घासागणिक स्मरण

झरी माझी सासुरवाडी, आणि तिथं माझ्या भक्तीचा मोठा बोलबाला आहे. त्याचं सगळं श्रेय माझ्या अन्ननळीला.

पाथरीत माझं कापडाचं दुकान. दोन वर्षांपूर्वी भाकरीचा घास छातीत मधोमध अडकायला लागला. अडकला की मी डोळे मिटायचो, हात छातीवर ठेवायचो, पाण्याचा घोट घ्यायचो आणि तो खाली सरकायची वाट बघायचो. आम्ही लिंगायत, गळ्यातलं इष्टलिंग छातीवर जिथं येतं, तिथंच नेमका हात. झरीच्या पंगतीत चुलतसासऱ्यांनी हे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बगा, पावणे घासागणिक स्मरण करायलेत! शिका कायतरी."

तेव्हाच खरं सांगायचं ना! पण एवढा मान मला गिऱ्हाइकांनीही कधी दिला नव्हता. पुढच्या पंगतीला मी थेट स्वामींच्या शेजारी. वजन उतरलं, तर लोक म्हणाले, तेज आलंय. वास्तविक माझं इष्टलिंग कित्येक महिने कपाटात पडून होतं. आणि मनात एकच भीती होती, कॅन्सरची. भक्त म्हणवून घेतलं की तपासणी टळते, एवढाच माझा भक्तिमार्ग. बायकोजवळ चकार शब्द काढला नव्हता.

शेवटी पाणीही उतरेना, तेव्हा तिनंच मला परभणीला डॉक्टरांकडं नेलं. दुर्बीण घालण्याआधी नर्स म्हणाली, "गळ्यातलं काढून ठेवा." मी उगाच शर्टाची बटणं चाचपत राहिलो.

"त्यांच्या गळ्यात काय न्हाई," बायको म्हणाली. "माज्याकडं हाय." तिनं पर्समधून रुमालात बांधलेलं माझं इष्टलिंग काढलं.

"तुला ठाऊक होतं?"

"घास अडकतो ते बी ठाऊक हाय. रोज भाकर दुधात कुस्करून कोन वाढायलंय? तुमी कवा सांगता म्हून वाट बगायले मी. लय भ्याव वाटायलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कॅन्सर निघाला नाही. अन्ननळीच्या तळाची झडप गिळताना उघडतच नव्हती. दुखणं दुर्मिळ, पण जिवावरचं नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फुगा घालून ती सैल केली.

महिन्याभरानं झरीच्या पंगतीत भाकरी सरसर उतरली. हात छातीकडं गेलाच नाही. चुलतसासरे हिरमुसले. "पावण्यांची भक्ती आटली वाटतं."

समोर बायको वाढायला उभी होती. मी घास तोंडात घातला की ती डोळे मिटायची, हात छातीवर ठेवायची, आणि मी गिळला की मगच पुढच्या पानाकडं वळायची.