तळ्याभोवती तीन बोटं

बुटांच्या दुकानात लोकांच्या पायांची मापं घेण्यात उभी हयात गेली, मग म्हातारपणी जनावरांचे पाय तरी का सोडा, असं म्हणत त्यांनी ठशांचं एक जाडजूड पुस्तक आणलं. तेव्हापासून गल्लीत ते पंजेकाका झाले. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं स्वानुभवाने कुणाला ठाऊक नसेल. मागे एकदा त्यांनी चिखलात बिबट्याचा पंजा शोधला, सगळ्या गल्लीला घरात कोंडलं, आणि मग तो बिबट्या भुंकला. तरी हौस फिटली नाही. ते स्वतःच सांगत, "मला लाज असती, तर मी बिनपायाचे मासे नसते का पाळले?"

घरात एक कुत्री होती. म्हणजे बायकोची. बाटलीने दूध पाजून तिने वाढवलेली. आता म्हातारी, ठार बहिरी, डोळ्यांत मोतीबिंदू. शाबूत होतं ते फक्त नाक. खाऊ घालायचं काम बायकोचं आणि चिखलाच्या पावलांनी बरबटलेली फरशी पुसायचं पंजेकाकांचं. ते काम ते रोज करत आणि रोज कुरकुरत, "तुझ्या कुत्रीला पायपुसणं कळत नाही."

बायको बहिणीकडे गेली होती, दुपारी परतणार होती. जाताना एकच बजावून गेली, "फाटकाची कडी तेवढी लावत जा." त्या सकाळी तळ्याकाठी छान चिखल झालेला. काकांच्या एका हातात पुस्तक, दुसऱ्यात ठशांचे साचे घ्यायचा प्लॅस्टरचा डबा. कडी लावायला तिसरा हात नव्हता.

तळ्याला एक वळसा घालून होतो न होतो, तोच गल्लीतल्या इस्त्रीवाल्याचा फोन आला. "काका, तुमचं फाटक सताड उघडंय. कुत्री कुठे दिसत नाही."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. हाक मारावी तर तिला ऐकू येत नाही, आणि तळ्यापलीकडे ट्रकचा रस्ता. तिला काही झालं, तर बायकोला काय तोंड दाखवणार? जन्मात पहिल्यांदा खरोखर कुणाचा तरी माग काढायची वेळ आली होती, आणि गडी होता पंजेकाका. त्यांना स्वतःचीच कीव आली.

चिखलात बघत ते काठाने पळत सुटले आणि थबकले. समोर ताजा ठसा. बोटं तीनच! पुस्तकात असं जनावरच नव्हतं. काका कुत्रीला चक्क विसरले. नवा प्राणी! पंजेकाकांचा शोध! डब्याचं झाकणसुद्धा उघडलं.

मग हात थांबला. हा ठसा त्यांनी पाहिला होता. ओट्यापाशी, दारापाशी, पलंगाखाली. रोज गुडघे टेकून पुसला होता. गाठ झाली म्हणून डॉक्टरांनी तिच्या पुढच्या पायाचं एक बोट काढलं होतं.

"गाढवा," ते स्वतःला म्हणाले, "घरचीच आहे!"

ठसा उमटला होता तोही एका बुटाच्या ठशावर. तळव्याला नागमोडी रेघा. असे बूट काकांनी खोऱ्याने विकले होते, आत्ता पायातही तेच होते. खालचा ठसा आधीचा, वरचा नंतरचा, हा पुस्तकातला पहिला धडा. ते जिथे वळले होते, तिथे ती वळली होती. ते जिथे वाकून बसले होते, तिथे तीही टेकली होती. ती हरवली नव्हती. ती त्यांना शोधत होती.

ती त्यांच्या मागे, ते तिच्या मागे. काखेत कळसा नि तळ्याला वळसा! हे असंच चाललं, तर दोघं अंधार पडेपर्यंत गरगरत राहणार. तेव्हा काकांनी आपल्या कारकिर्दीतलं एकमेव शहाणपणाचं काम केलं. चिखलात फतकल मारली आणि वाट बघत बसले. पलीकडे ट्रकचा हॉर्न वाजला की मान तिकडे वळे. पण उठले नाहीत.

बऱ्याच वेळाने मानेला मागून ओलं नाक लागलं. काकांना रडूच कोसळलं.

दुपारी बायको आली. दारापासून ओट्यापर्यंत तीन बोटांची पावलं आणि त्यांच्या बरोबरीने नागमोडी बूट.

"फाटक उघडं टाकलं होतंत ना?" तिने कमरेवर हात ठेवून विचारलं.

काकांनी फडकं भिजवलं आणि गुडघे टेकले. "आपल्या कुत्रीला पायपुसणं कळत नाही," ते म्हणाले.

बायकोने ओरडायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं, आणि दुसरं फडकं घेऊन ती शेजारी बसली.