बिस्किटच्या फासळ्या

"अगं चन्नाबाई, हे कुत्रं हाय का धुनं वाळू घालायची काठी?"

शेजारच्या कस्तुराबाईनं फाटकातूनच विचारलं. चन्नबसम्मानं कुत्र्याला आपल्या मागं घेतलं. तिचा मुलगा श्रीशैल सकाळीच पुण्याहून आला होता आणि गाडीच्या मागच्या सीटवरून त्यानं जे काही खाली उतरवलं, ते बघून तिच्याही मनात असंच काहीसं आलं होतं. पण आपल्या लेकाचं कुत्रं. शेजारणीनं बोललं की झोंबतंच.

हरणासारखे पाय, कमानीसारखी पाठ, आणि पोट असं आत ओढलेलं की जन्मात कधी भरलंच नसावं. शेपूट पायांत दाबलेलं. फासळ्या तर लांबून मोजाव्यात. रंग चहात बुडवलेल्या बिस्किटाचा, म्हणून नाव बिस्किट.

"व्हिपेट म्हणतात या जातीला," श्रीशैल म्हणाला. "बारीकच असतं ते, आई. नोकरीसाठी जर्मनीला चाललोय, तिथं लगेच नेता यायचं नाही. सांभाळशील ना?"

"नाव बिस्किट," कस्तुराबाई फाटकावर रेलली, "आन् नशिबात बिस्किट न्हाई, मायं!"

सेलूत चन्नबसम्माच्या नवऱ्याचं, शिवाप्पांचं, किराणा दुकान माहीत नसलेला माणूस एखादा सापडेल, पण त्यांच्या घरचा दासोह माहीत नसलेला सापडायचा नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी दारात मांडव पडायचा आणि मठातल्या जंगमापासून जिनिंगवरच्या हमालापर्यंत येईल तो पंगतीला बसायचा. गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली घट्ट खीर, वर तुपाची धार. सून म्हणून आली तेव्हापासून हुग्गीचं पातेलं चन्नबसम्माच्याच हाती होतं. तिला ना दागिन्यांची हौस, ना साड्यांची. "त्या दारातून कुनी उपाशी जात न्हाई," एवढं गावानं म्हटलं की तिचं पोट भरायचं.

आणि आता त्याच दाराच्या ओट्यावर हा फासळ्यांचा सापळा ऊन खात पडलेला.

बिस्किट तसं गुणाचं. भुंकणं माहीत नाही. दिवसभर झोपायचं, तेही जमिनीवर नाही.

"अगं, हे माझ्या दिवाणावर झोपायलंय!" शिवाप्पा दुपारी दुकानातून आले की ओरडायचे.

"मंग उठवा की."

"उठत न्हाई. नुसतं बघायलंय माझ्याकडं."

मग शिवाप्पाच खुर्चीत बसायचे. परभणीकडची थंडी सुरू झाली तसं बिस्किट उभ्याउभ्या थरथरायला लागलं. चन्नबसम्मानं श्रीशैलचा शाळेतला निळा स्वेटर काढून कापला, शिवला आणि त्याच्या अंगात घातला. तेव्हापासून ते तिच्या मागं मागं. ती भाकरी थापायला बसली की येऊन सगळं अंग तिच्या पाठीवर टाकून टेकायचं, दमून आलेल्या माणसासारखं.

सुट्टीच्या दिवशी धान्यबाजाराचा मोंढा रिकामा असला की शिवाप्पा त्याला तिथल्या पटांगणात सोडायचे. आणि मग ते जे पळायचं! पाय जमिनीला लागतात का नाही तेच कळायचं नाही. सावलीला बसलेले हमाल उठून उभे राहायचे. "हाट्ट! काय पळायलंय, मालक!" दोन फेऱ्यांत संपलं. घरी येऊन पुन्हा दिवाण.

त्याच्या खाण्याचं पोतं पुण्याहून यायचं. पोत्यावर कोंबडीचं चित्र होतं. शाकाहारी घरात ते कसं ठेवायचं, यावर नवराबायकोचं फारसं बोलणं झालं नाही. चित्राची बाजू भिंतीकडं करून पोतं कोठीत उभं राहिलं.

पण रस्ता काही भिंतीकडं तोंड करून चालत नाही. बाजाराला जाणारा जो तो ओट्याकडं बघून थांबायचा.

"काकू, कुत्र्याला पन श्रावण धरायला लावला का?"

"अवो, एखादी भाकर टाका की त्याला!"

कुणी फाटकातून पाव टाकायचं, कुणी शेव. आणि एक दिवस कस्तुराबाई खालच्या आवाजात म्हणाली, "राग मानू नको, चन्नाबाई. आपल्याला काय, पन लोक म्हनायलेत. गावाला हुग्गी आन् घरच्या मुक्या जिवाला वाटीनं मोजून, असं."

चन्नबसम्मानं दुसऱ्या दिवशी साजूक तुपातला शिरा केला.

वाटी मोजूनच घाल, असं श्रीशैल फोनवर दर वेळी बजावायचा. "हो रे," ती म्हणायची आणि फोन ठेवून दुधावरची साय काढायची. तुपात भिजवलेलं धपाटं. भाकरीचा लोण्यातला काला. बिस्किट मिटक्या मारत खायचं. उन्हाळा सरेपर्यंत फासळ्या झाकल्या. पोट खाली आलं. "आता कसं घरचं दिसायलंय!" कस्तुराबाई म्हणाली आणि चन्नबसम्माला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. ते पळेनासं झालंय, हे शिवाप्पांच्या लक्षात आलं होतं. पण बायकोचा चेहरा बघून तेही गप्प राहिले.

आषाढात एका सकाळी बिस्किट दिवाणावरून उतरलंच नाही. ओकलं, पुन्हा ओकलं. पोटाला हात लावू देईना. पाठ पार धनुष्यासारखी वाकली.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टर धम्मशीला म्हणून तरुण मुलगी होती. तिनं मशिनीवर पोट तपासलं, सलाईन लावलं, सुया दिल्या, मग विचारलं, "मावशी, खायला काय घालता?"

"चांगलंच घालते, बाई. शिरा, तूप, साय."

"कशासाठी?"

"फासळ्या दिसत होत्या ना."

 डॉक्टरीण खुर्ची ओढून समोर बसली. "मावशी, या जातीच्या मागच्या फासळ्या दिसायलाच पाहिजेत. दिसल्या म्हणजे तब्येत चांगली. तुपानं याच्या पोटातली ग्रंथी सुजलीय. या वेळी सावरेल. पुन्हा असं झालं तर मी काही करू शकेन असं वाटत नाही."

परतीच्या वाटेवर जीपमध्ये बिस्किटचं डोकं तिच्या मांडीवर होतं. अर्ध्या वाटेपर्यंत ती त्याच्या कानांवरून हात फिरवत राहिली.

"म्या माझ्या हातानं केलं हो हे," शेवटी ती म्हणाली.

"आता गावाला काय सांगायचं?" शिवाप्पा म्हणाले.

तिनं सगळ्यांना सांगून बघितलं. कुणाला पटेना. "डाक्टरीणला काय कळतंय?" कस्तुराबाई म्हणाली. "भूक कधी मशिनीत दिसती का?"

फासळ्या पुन्हा दिसू लागल्या आणि श्रावणाचा शेवटचा सोमवार आला.

मांडव भरला होता. चन्नबसम्मानं बिस्किटला आतल्या खोलीत कोंडलं होतं. पहिली पंगत बसली, शिवाप्पा तुपाचं भांडं घेऊन फिरत होते. ती हुग्गीचं पातेलं टेकवून वळली, आणि बघते तर बिस्किट मांडवात! कस्तुराबाईनंच कडी काढली होती. "सनाच्या दिवशी मुका जीव कोंडतेत का?" असं म्हणत तिनं पंगतीच्या टोकाला एक पत्रावळ मांडली, त्यावर हुग्गी, वर तूप. बिस्किटचं लांबोडं तोंड खाली वाकलं.

चन्नबसम्मानं धावत जाऊन पत्रावळ त्याच्या तोंडाखालून उचलली.

सगळी पंगत थांबली. हिच्या दारात, हिच्या हातानं, दासोहाच्या दिवशी वाढलेलं पान उचललं गेलं होतं.

"अगं, प्रसाद हाय तो!" कस्तुराबाई किंचाळली.

प्रसाद होताच. टाकता येत नाही. कुत्र्यापुढं मांडलेला, तेव्हा पातेल्यात परत घालता येत नाही, दुसऱ्या कुणाला वाढताही येत नाही.  चन्नबसम्मा पदर खोचून, पत्रावळ घेऊन पंगतीच्या टोकाला खाली बसली आणि खाऊ लागली.

"चन्नाबाई! मानसं जेवायलीत अजून! घरची बाई आधी बसती का?"

"बसली आज."

"अगं..." शिवाप्पा पुढं आले.

"तुमी तूप वाढा की हो. लोकांची पानं कोरडी हायती." तिनं घास गिळला आणि मान वर केली. आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. "ऐका सगळे. हे तूप खाल्लं तर मरतंय. एकदा मीच मारलं असतं त्याला, तुमी काय म्हनताल म्हनून. आता म्हना काय म्हनायचं ते. उपाशी ठेवती म्हना. ह्याच्या पुढं जे कुनी वाढंल, ते मी खाईन. पोट फुटूस्तोवर खाईन."

कुणी हसलं नाही. जंगमांनी खाली बघून घास घेतला, मग हळूहळू पंगत चालू झाली. बिस्किट येऊन चन्नबसम्माच्या खांद्याला टेकलं. लाळेची तार लोंबत होती. नजर पत्रावळीवर.

कस्तुराबाई त्याच्याकडं बघत राहिली. तिच्याकडं बघत राहिली. मग स्वतःची पत्रावळ घेऊन आली आणि बिस्किटच्या पलीकडं फतकल मारून बसली.

"सरक जरा. ह्या बाजूनं म्या बसते. न्हाईतर कुनीतरी वाढंल, मायं."

बिस्किटनं आधी हिच्या पानाकडं पाहिलं, मग तिच्या. दोघी जेवत राहिल्या. कुणीच त्याला काही दिलं नाही.