बाबांच्या चालण्याचं शूटिंग

बाबा स्वयंपाकघराच्या दारात अडकतात, असं आईने पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा मला काही कळलंच नाही. दार अरुंद नव्हतं आणि बाबा अंगाने किरकोळ.

"अडकतात म्हणजे?"

"म्हणजे उभेच राह्यतात. पायच उचलत नाही त्यायचा," आई म्हणाली.

मी तेव्हा अमरावतीला एका कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवत होते. आईबाबा अकोल्याला. बाबा कापसाचे ग्रेडर. खरेदी केंद्रावर गाडीतला चिमूटभर कापूस घेऊन, बोटांनी ओढून, धाग्याची लांबी सांगायचे. ती केंद्रं एकेक करून बंद होत गेली आणि बाबा वेळेआधीच घरी बसले. त्या वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे सकाळी पेपरचं पहिलं पान पाहावंसं वाटत नसे. सगळं वऱ्हाडच थकल्यासारखं झालं होतं, तसेच बाबाही मंदावले असतील, असं मी धरून चालले होते.

तरी त्यांना अमरावतीच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे बाबा खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताठ चालत गेले, झटक्यात वळले, परत आले. आई आणि मी एकमेकींकडे पाहत राहिलो. दोन तासांपूर्वी याच माणसाला एसटीच्या पायरीवर चढवायला आम्हा दोघींना हात लावावा लागला होता.

डॉक्टर म्हणाले, "घरी चालतानाचं शूटिंग करून आणा. समोरून. पाय कसे पडतात ते स्पष्ट दिसलं पाहिजे."

माझ्या शेजारी लग्नांचं शूटिंग करणारे एक भाई राहत. खेड्यापाड्यांतली लग्नं तेव्हा पुढे ढकलली जात होती, त्यामुळे त्यांचा नवा डिजिटल कॅमेरा रविवारीही कपाटातच असे. त्यांनी तो लगेच दिला. "बटण अर्धं दाबा ताई, हिरवी चौकट आली की सुरू करा," एवढंच सांगितलं.

अकोल्याला मी बाबांना बैठकीच्या टोकाला उभं केलं, चौकट हिरवी झाली, आणि ते माझ्याकडे चालत आले. मागच्या छोट्या पडद्यावर सगळं ठीक वाटलं. डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर मात्र पहिली दोन पावलं स्वच्छ आणि पुढे नुसतं धुकं. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर शेवटपर्यंत वाचता येत होतं, बाबा तेवढे पुसट.

भाईंना दाखवलं तर ते हसले. "एकदाच धरणारा फोकस होता हा. जिथं पहिले धरला तिथंच राह्यला. बाबा तर पुढं येऊन राह्यले ना? त्याले सारखा धरत राह्यणारा फोकस लागते." त्यांनी मेन्यूत जाऊन सेटिंग बदलून दिलं.

पुढच्या रविवारी वेगळीच तऱ्हा. चित्र श्वास घेतल्यासारखं मागेपुढे होत होतं. बाबा स्पष्ट, मग कॅलेंडर स्पष्ट, मग कोणीच नाही. मधून आई गेली तर कॅमेरा आईमागे गेला. चार वेळा बाबांना चालवलं. मी कंटाळले, बाबा दमले. शेवटी भाईंना फोन लावला.

"बाबानं घातलं काय?"

"पांढरी बंडी."

"अन् भिंत?"

"पांढरीच."

"मंग त्यानं पकडावं काय? रेघारेघांचं काही घालून द्या. चौकट पूर्ण पडद्यावर नका ठेवू, लहान करून छातीवर ठेवा. झूम नको. अन् घरात अंधार असन तर अंगणात घ्या."

मी हे सगळं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "उजेडाचं बराबर आहे त्याचं. कापूसही मी कधी खोलीत नाही पाह्यला."

आईने चौकडीचा शर्ट काढून दिला. मी अंगणात, स्वयंपाकघराच्या दारासमोर उभी राहिले, चौकट लहान केली. बाबा स्वयंपाकघरातून दाराकडे आले. चौकट त्यांच्या छातीला चिकटून राहिली, एकदाही सुटली नाही. उंबरठ्याशी ते थांबले. टाचा उचलल्या जात होत्या, पण पंजे जमिनीला खिळलेले. पावलं जागच्या जागी थरथरत होती आणि वरचं अंग पुढे झुकायला लागलं होतं.

"काहून थांबलो मी?" त्यांनी विचारलं. मला विचारलं, की पायांना, ते आजही सांगता येणार नाही.

मला पुढे धावायला हवं होतं. माझे दोन्ही हात कॅमेऱ्यावर होते. डॉक्टरांना हेच पाहायचं होतं, आणि हेच पहिल्यांदा स्पष्ट येत होतं. मी हललेच नाही. आई आतून आली आणि तिने आपला पाय बाबांच्या पावलांपुढे आडवा ठेवला. बाबांनी तो ओलांडला, उंबरठाही ओलांडला, आणि सरळ माझ्यापर्यंत चालत आले. ही युक्ती तिला कुणी शिकवली होती? विचारल्यावर म्हणाली, "कोनं शिकवते? करून पाह्यलं."

डॉक्टरांनी तो तुकडा तीनदा पाहिला. "कंपवात असावा," ते म्हणाले.

"पण त्यांचे हात कापत नाहीत."

"सगळ्यांचे कापतातच असं नाही. आणि डॉक्टरसमोर पेशंट मन लावून चालतो, तेव्हा पाय ऐकतात. घरी कोण मन लावून चालतं?" आईच्या युक्तीला मात्र त्यांनी मान डोलावली. पुढे काहीतरी ओलांडायला असलं की पाऊल सुटतं, म्हणाले.

हे मला तेव्हा पुरतं पटलं नव्हतं, पटलं नाही असंही नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या. दोनेक महिन्यांत बाबा एकटे दुकानापर्यंत जाऊ लागले. कधी छान चालत, कधी फाटकाशी पुन्हा उभे राहत.

कॅमेरा परत करायला गेले तेव्हा भाईंना एका लग्नाचं काम मिळालं होतं. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून त्यांनी विचारलं, "बाबाचं शूटिंग पुसून रिकामं करू काय ताई?"

मी हो म्हणाले. मग नको म्हणाले. भाई कार्ड हातात घेऊन थांबून राहिले, आणि मीही तिथेच.