उजव्या हाताचा नवस

मी काही नावाजलेली भाविक बाई नाही. उपास मला सोसत नाहीत आणि पोथी ऐकताना हमखास डुलकी लागते. तेव्हा मला देवीचा अनुभव आला असं म्हटलं, तर आधी आमच्या घरातलेच हसतील. हसू देत बापडे. लहानपणी माझ्या बाबतीत जे घडलं ते आठवतं तसं सांगते. तो चमत्कार होता की नव्हता यावर मी आजवर कुणाशी वाद घातलेला नाही आणि आता या वयात घालायचीही नाही.

स्वातंत्र्य मिळून चार-सहा वर्षं झाली असतील. वसईजवळ आमची पानवेलींची वाडी होती. मी आठ-नऊ वर्षांची असताना ताप आला, आठवडाभर राहिला आणि जाताना माझा उजवा हात घेऊन गेला. बोटं जराशी मिटत, पण खांद्यापासून हात म्हणून उचलला जाईना. डॉक्टरांनी पोलिओ म्हटलं. आईने ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन विरारच्या डोंगराकडे तोंड करून जीवदानीला नवस बोलली. माझ्या पोरीचा उजवा हात उचलू दे, ती त्याच हाताने तुझ्या पायाशी विडा ठेवील. देवीला यात एवढं काय अवघड, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटलं होतं.

आई विरारजवळच्या चांदीप गावाकडची, भातशेतीच्या घरातली. तिचा विश्वास भक्कम आणि तितकाच हट्टी. तिने माझ्या हाताला अंगारा लावला आणि धुतलेल्या फडक्यात तो गळ्याशी बांधून टाकला. नवसाचा हात, त्याला दगदग नको. राहिला डावा. तो ताटाकडे गेला की आई लगेच मनगट धरी. “बाय, डावा नको गो. अन्नाला डावा लावू नये.” मग तीच भरवायची. वेणी, आंघोळ, परकराची नाडी, सगळं तिच्याच हातून. आळीतल्या बायका म्हणत, काय ती माउली! खरीच होती. पहिले काही महिने मलाही राणीसारखं वाटलं, खोटं कशाला बोलू? पुढे मात्र माझ्याहून लहान चुलत बहीण आपल्या हाताने आमटीभात ओरपताना पाहिली की आईच्या घासापुढे मी तोंड मिटून घ्यायची. एकदा वाडीत बाबा पानं खुडत होते, तिथे जाऊन मी विचारलं, “बाबा, आई मेली की मला कोण भरवील?” ते खुडायचे थांबले. दुसऱ्याच आठवड्यात आम्हा मायलेकींना घेऊन ते मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात गेले.

तिथले डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी हात नीट तपासला आणि सांगितलं, गेलेली ताकद आता परत यायची नाही. आईने पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला. बाबा औषधाचं विचारायला मागे राहिले आणि आम्ही दोघी बाहेर पडलो, त्या भलत्याच जिन्याने खाली उतरलो. मला तहान लागली होती. समोर एक दार उघडं दिसलं. आईने उंबऱ्यातूनच विचारलं, “बाई, पोरीला पानी मिळंल काय?” पांढऱ्या साडीतल्या एका तरुण बाईंनी पेला पुढे केला. माझा डावा हात आपसूक वर गेला, आईने तो खाली दाबला आणि पेला माझ्या ओठांना लावला. बाई बघत होत्या. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, “आई, घाई नसेल तर जरा बसता?”

जिना चुकला नसता, मला तहान लागली नसती, ते दार लोटलेलं असतं, तर? मी याचा फार विचार करत नाही. चुकला, लागली, उघडं होतं.

आत एक लहानसा माग होता, मातीचे गोळे होते, लाकडी ठोकळे होते. पायाला लोखंडी पट्ट्या लावलेली एक मुलगी फळीवर ठोकलेल्या सदऱ्याची बटणं लावत आणि काढत होती. तो विभाग नवाच होता. कामातून उपचार, असं बाईंनी समजावलं. आई उसळलीच. “मी पोरीला बरी करायला आनलीय, कामाला लावायला नाय!” बाई रागावल्या नाहीत. तुमच्या घरी बायका काय काम करतात, एवढंच विचारलं. आई घुश्शातच म्हणाली, पानांच्या कवळ्या बांधतो. “मग पुढच्या वेळी पानं घेऊन या,” बाई म्हणाल्या.

आई येणार नव्हती. बाबांनी तिला आणली, आणि पानांची टोपलीही आणली. पानं देठाशी देठ जुळवून एकावर एक रचायची, जुडी झाली की केळीच्या सोपटाने, म्हणजे वाळलेल्या सालाने बांधायची, ती कवळी. रचणं मला डाव्या हाताने जमलं. आईने तोंड फिरवलं, पण निदान हे जेवण नव्हतं. बांधायची वेळ आली तेव्हा घोडं अडलं. एक टोक धरणार कोण? बाई म्हणाल्या, दातात धर. आई ताडकन उठली. ही पानं देवाच्या विड्याला जातात, उष्टी कशी करायची? बरं, मग पायाच्या अंगठ्याखाली धर. आईने कानांवर हातच ठेवले. पानाला पाय? बाईंना हे सगळं नवीन होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, “आई, तोंड नको, पाय नको. मग पानांना लावलेलं काय चालतं?”

“उजवा हात,” आई म्हणाली.

आणि तिची नजर माझ्या उजव्या हातावर गेली. मग बाईंनी हळूच माझ्या गळ्याशी बांधलेलं फडकं सोडलं. माझ्याच डाव्या हाताने उजवा उचलायला लावून तो जुडीवर ठेवला. “नुसता राहू दे. वजन तर आहे ना त्याला?” हात पानांवर पडून राहिला. पानं हलली नाहीत. मी डाव्या हाताने सोपट फिरवलं, त्याचं टोक उजव्या बोटांत दिलं, ओढलं, सुटलं, पुन्हा ओढलं. कवळी ढिली झाली, वाकडी झाली, पण झाली. नवसासाठी जपून ठेवलेला हात त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आला, आणि आणला तो आईच्याच सोवळ्याने. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने रडले.

पुढे आम्ही बरेच दिवस जात राहिलो. नाडी बांधायला शिकले, वेणी शिकले, चमचा धरायला शिकले. घरी बाबांनी सांगून टाकलं की ती डाव्या हाताने जेवेल, हात धुतलेला आहे. मी जेवू लागले की आई चुलीकडे तोंड करून बसायची. तिने मला अडवलं नाही, पण माझ्या डाव्या हातातून तिने कधी काही घेतलंही नाही. पाण्याचा तांब्या दिला तरी म्हणायची, खाली ठेव.

उजवा हात काही उचलला गेला नाही. आई म्हणायची, नवस पुरा झाला नाय, कुठल्या तोंडानं जाऊ? शेवटी मीच हट्ट धरला, मग तेच सांगायला जाऊ. जीवदानीच्या डोंगरावर जायची वाट तेव्हा ओबडधोबड होती. मी स्वतः बांधलेल्या कवळीतल्या पानांचा विडा नेला होता. देवीपुढे उभी राहिले, विडा उजव्या बोटांत दिला, डाव्या हाताने उजवा उचलला आणि ठेवला. आईने डोळे मिटले होते. ती काय म्हणाली ते मी ऐकलं नाही, पण बराच वेळ म्हणत होती. बाहेर येऊन कातळावर बसलो. प्रसादाचं खोबरं माझ्याकडे होतं. मी तुकडा मोडला आणि काय मनात आलं कोण जाणे, डाव्या हाताने तो तिच्या तोंडापुढे धरला.

तिने हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता म्हणेल खाली ठेव. तिने तोंड उघडलं.

देवीने माझ्या आईचं मागणं पुरवलं नाही, असं कुणी म्हटलं तर मी होच म्हणते. आईने मागितला होता हात, आणि मिळालं ते भलतंच. तो प्रसाद मिळेल तसा, मिळेल त्या हातून घेण्याचं बळ तिला त्या दिवशी कुठून आलं, ते मला ठाऊक नाही. ज्याने दिलं त्याचे उपकार. इस्पितळातल्या त्या बाईंचेही, आमची त्यांची पुढे भेट झाली नाही. मला दिसते ती कातळावर बसलेली आई. डोळे पुसत, खोबरं चावत ती मला म्हणाली, “एवढुसाच तुकडा? मी तुला केवढे घास भरवले गो! दे अजून.”