फुवांच्या सायकलची टकटक

सातपुड्यापासून तापीपर्यंत जेवढ्या सायकली धावतात, त्या सगळ्यांच्या पोटातलं दुखणं नुसत्या कानाने ओळखणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो आमच्या घरातला आहे! म्हणजे आमचे फुवा, माझ्या वडिलांच्या बहिणीचे, म्हणजे फुईचे यजमान. ब्राह्मणपुरीत त्यांची कापसाची शेती आहे, सायकल दुरुस्ती हा काही त्यांचा धंदा नाही, पण ओट्यावर दातण करत बसले असताना गल्लीच्या टोकाला कुणाची सायकल टक् करून वाजली की दातण थांबलंच. पोस्टमन बिचारा मागच्या गल्लीने जातो. फुई म्हणते, "मन्ही कंबर दहा वरीसपाईन वाजी ऱ्हायनी, ती यास्ले ऐकू येत नही. पाच घरं पल्याड सायकल वाजनी का लगेच कान उभा." एकदा शेजारी मुलगी बघायला पाहुणा आला, तर तो पोहे खाईपर्यंत फुवांनी त्याच्या सायकलचा एक्सल बाहेर काढून धोतरावर ठेवलेला! पाहुण्याला संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं, तेवढ्यात लग्न ठरलं. संसार छान चाललाय, सायकलसुद्धा.

हा एक्सल म्हणजे दोन्ही पायडलांच्या मधोमध, चौकटीच्या बुडाशी आडव्या नळीत असतो तो. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक वाटी आणि प्रत्येक वाटीत अकरा छर्रे. फुवा ते घासलेटमध्ये धुणार, धोतराच्या सोग्याने पुसणार, आणि फुई लाडवावर बेदाणे लावते तसे एकेक करून वंगणात बसवणार. मोठ्याने मोजणार. बावीसचे एकवीस भरले तर अख्खं अंगण चाळून काढणार. मग डोळे मिटून, दोन बोटांनी एक्सल फिरवून बघणार. "हालाले नको, आडाले नको," एवढंच म्हणणार. आणि भेटेल त्याला एक धडा देणार: डाव्या वाटीचे आटे सरळ, उजवीचे उलटे. पायडल मारता मारता वाटी आपोआप सुटू नये म्हणून. हा धडा मी जावळ काढायच्या आधीपासून ऐकतोय म्हणा ना.

गंमत म्हणजे त्यांची स्वतःची सायकल आढ्याला दोरांनी टांगलेली. शेतात पायी जाणार! बसलं की ती झिजते, हे कारण. दर अमावास्येला बैलांना सुट्टी असते, त्या दिवशी तिला खाली घ्यायचं, पायडल फिरवायचं, आणि घरात कुणी बोलायचं नाही. काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. फुवांच्या तोंडावर तेव्हा जे समाधान असायचं ते मी देवळातसुद्धा कुणाच्या तोंडावर बघितलेलं नाही.

तर लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. शहाद्याच्या शाळेत मास्तरची जागा निघाली आणि मला अकराला भेटायला बोलावलं. उशीर झाला तर जागा दुसऱ्याला. मी आदल्या दिवशीच फुवांकडे मुक्कामाला आलो. सकाळी सायकलवर बसलो, वीस पावलं गेलो असेन, मागून आवाज आला, "उतर." मी हातापाया पडलो. फुवा म्हणाले, "अर्धा रस्तामा वाटी सुटनी म्हंजे सायकल खांदावर लई जाशी का?"

झालं. पायडलं निघाली, डावी वाटी निघाली, एक्सल निघाला. उजवी वाटी तेवढी राहिली आणि फुवा गाडीचं वंगण आणायला गोठ्यात गेले. मला कुठला दम! छिन्नी लावली, हातोडा घातला. सरळ दिशेला, डावी सोडतात तशी. जन्मभर ऐकलेला धडा नेमका तेव्हाच विसरलो. ती सुटायच्या ऐवजी आवळत गेली, मी आणखी जोरात हाणली, आणि वाटीची कडच तुटून पडली.

फुवा बोटावर वंगण घेऊन आले. तुकडा तळहातावर घेतला, रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "आते हाई वाटी रस्तावर टिकाव नही." लढाईमुळे शहाद्याच्या दुकानात वर्षभर वाटीचं दर्शन नव्हतं. मी खाली बघत उभा. फुवा मात्र वर बघत होते, आढ्याकडे. चुलीपाशी फुईचा भाकरी थापणारा हात थांबला.

त्यांनी दोर सोडले. ती मुकी सायकल खाली उतरवली, तिची उजवी वाटी काढून माझ्या सायकलला बसवली. अकरा आणि अकरा बावीस. दोन बोटांनी एक्सल फिरवला. "जाय आते."

मी वेळेत पोचलो. हेडमास्तरांनी माझे काळे हात बघून कारण विचारलं, तर मी उजवीचे आटे उलटे का असतात ते फळ्यावर काढून समजावलं. जागा मिळाली!

माझी कड तुटलेली वाटी फुवांनी स्वतःच्या सायकलला बसवली. ती वाजायला लागली. लढाई संपली, दुकानात माल आला, तसा मी पळत जाऊन नवी वाटी आणून दिली. फुवांनी ती उजेडात धरून बघितली, वास घेतला, फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवली. दोन अमावास्या गेल्या तरी तिथेच. शेवटी मी विचारलं, बसवत का नाही? त्यांनी पायडल फिरवलं. टक्. पुन्हा टक्.

"ऱ्हाऊ दे," फुवा म्हणाले. "हाई वाजनी का माले समजस, मन्हा भाचा शाळामा शे."

माझी सायकल अजून मुकीच धावते. शहाद्याच्या रस्त्यावर मधेच कधी मी पाय थांबवतो आणि उगीच कान देतो.